श्रोते नसलेलं गाणं : एकत्र गाण्याचा गट कसा सुरू करावा

गाण्याचा गट काढायचं मनात आहे असं चार जणांना सांगा, त्यातले तिघे लगेच म्हणतील, "मला नाही बुवा गाता येत." त्यांचं खरं मानू नका. सुरांतला फरक जन्मतःच न कळणं ही स्थिती असते, पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ती जेमतेम दीड टक्का लोकांत आढळली. उरलेल्यांपैकी कित्येकांना लहानपणी कुणीतरी "तू नुसते ओठ हलव" असं सांगितलेलं असतं, आणि तेव्हापासून ते चारचौघांत गायलेले नसतात. गट खरा त्यांच्यासाठी काढायचा.

त्यामुळे पुढची प्रत्येक सूचना एकाच नियमातून निघते : खोलीत श्रोता कुणी नसावा. गोलात बसून कुणी गप्प राहिलं तर हरकत नाही, पण बाहेर खुर्ची टाकून ऐकणारं, दाद देणारं किंवा मोबाइलवर टिपणारं कुणी नको. ऐकणारा आला की गाणारा परीक्षेला बसतो.

१. माणसं आणि वेळ

आठ ते वीस जण ही सुरुवातीला सोयीची संख्या. पाच-सहाच जण असले की प्रत्येकाचा आवाज सुटा ऐकू येतो आणि बुजरी माणसं मिटून जातात. गर्दीची मात्र फार धास्ती नको. लंडनमधल्या एका हौशी गायकसमूहावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एरवी वेगवेगळ्या छोट्या गटांत गाणारी २३२ माणसं एकत्र गायली, तेव्हा एकमेकांची फारशी ओळख नसतानाही त्यांना जवळीक वाटू लागल्याचं दिसलं.

वार, वेळ आणि जागा एकदा ठरली की बदलू नका. आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा, तास-दीड तास पुरे. लोक कमी आले म्हणून गाणं पुढे ढकलू नका. चार जण आले तरी गा.

२. खोली

जाड पडदे, गालिचे आणि गुबगुबीत सोफे आवाज गिळतात. अशा खोलीत प्रत्येकाला आपण एकटेच गातोय असं वाटतं. थोडी उघडी भिंत आणि उंच छत असेल तर आवाज परत येतो, एकमेकांत मिसळतो आणि माणसाला धीर येतो. खुर्च्या एकाच गोलात मांडा, मध्ये टेबल नको, माइक तर नकोच.

खिडक्या उघड्या ठेवा. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकसमूहाच्या अडीच तासांच्या सरावाला ६१ जण जमले होते, त्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. नंतर ५३ जणांना कोविड झाल्याचं निश्चित झालं किंवा तशी दाट शक्यता दिसली, आणि दोघे दगावले. गाताना आपण नेहमीपेक्षा खोल श्वास घेतो आणि जोरात सोडतो. म्हणून खोकला-सर्दी असेल त्याने त्या दिवशी घरी थांबायचं, हे पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगा.

३. गाणी निवडणं

दोन ते चार ओळींची, पुन्हा पुन्हा घोळवता येतील अशी गाणी घ्या. कागद न धरता गाता आलं पाहिजे, कारण कागद हातात आला की माना खाली जातात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर यांत एका सप्तकाहून फार अंतर नसावं. पट्टी स्वतःच्या गळ्याला बघून ठरवू नका. गाणं सांगणारा बहुधा थोडा तयार असतो आणि नकळत चढी पट्टी लावतो. सगळ्यात वरच्या ओळीला लोकांच्या हनुवट्या वर जाताना दिसल्या की पट्टी उतरवा.

कुणालाच येत नसलेल्या भाषेतलं गाणंही चांगलं, कारण तिथे सगळेच नवखे असतात. एखाद्याच पंथाची किंवा पक्षाची गाणी मात्र सगळ्यांना विचारल्याशिवाय नकोत. न पटणारे शब्द कुणाच्या तोंडी घालून आपलेपणा येत नाही.

४. पहिला तास

ओळखीपाळखीने सुरुवात करू नका. आधी गाणं, मग नावं. यामागे कारण आहे. ऑक्सफर्डच्या एलुनेड पिअर्स, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढांचे गाण्याचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे वर्ग सात महिने पाहिले. शेवटी सगळ्याच वर्गांत जवळीक सारखी झाली होती, पण गाणाऱ्यांची ती फार लवकर झाली. अनोळखी माणसांचा संकोच गाणं चटकन तोडतं, तर त्याचा फायदा पहिल्या दहा मिनिटांतच घ्या.

आधी पाच-सात मिनिटं गळा मोकळा करा : मोठी जांभई, आवाज काढत सोडलेला सुस्कारा, ओठ मिटून गुणगुणणं. मग सगळे मिळून एकच स्वर धरा. ज्याला जेव्हा श्वास लागेल तेव्हा त्याने तो घ्यावा, स्वर तुटत नाही; बाकीचे तो धरून असतात. ही साधी गोष्ट लोकांना आतून हलवते.

आता गाणं शिकवायचं. आधी ते पूर्ण एकदा गाऊन दाखवा, काही न सांगता. मग पहिली ओळ गा आणि हात पुढे करून ती लोकांकडून परत घ्या. शब्द सोपे असतील तर समजावत बसू नका. स्वर चढतो तिथे हात वर न्या, उतरतो तिथे खाली आणा. नोटेशन येत नसलेल्याला एवढं पुरतं. चुकलं तर थांबवून बोलू नका, तीच ओळ पुन्हा स्वच्छ गा. दोन ओळी बसल्या की जोडा. ओळींच्या मध्ये श्वासाची जागा सगळ्यांना एकत्र द्या. स्वीडनमधल्या योटेबोर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गतीही बरोबरीने वर-खाली होते, कारण गाण्याच्या ओळी त्यांचे श्वास एका लयीत बांधतात.

पूर्ण गाणं चार-पाच वेळा झालं की तुमचा आवाज हळूहळू कमी करा, आणि मग थांबा. एखादी ओळ डळमळेल. कुणीतरी शेजाऱ्याकडे बघेल. गाणं पुढे जाईल. तेवढ्या वेळात मध्ये पडायचा मोह टाळणं हे गट चालवणाऱ्याचं सगळ्यात अवघड काम आहे.

पुढच्या भेटींत त्याच गाण्याचे दोन गट करा : पहिला गट दुसऱ्या ओळीवर पोचला की दुसऱ्याने पहिली ओळ सुरू करायची. सगळीच गाणी अशी जुळत नाहीत, म्हणून एका जोडीदाराबरोबर आधी गाऊन बघा. नाहीच जुळलं तर निम्म्यांनी षड्ज, म्हणजे गाण्याचा आधाराचा स्वर 'सा', धरावा आणि उरलेल्यांनी त्यावर गावं. तेही सुंदर लागतं.

५. सूर न लागणारा आणि फार मोठा लागणारा

एखाद्याचा सूर खाली राहतो. त्याच्याकडे बघू नका, नाव घेऊ नका. त्याच्या शेजारी भक्कम आवाजाचं कुणी बसेल असं बघा. त्याने स्वतःहून मदत मागितली, तर गाणं संपल्यावर बाजूला बसा आणि आधी त्याचा स्वर तुम्ही धरा. तो जिथे आहे तिथे तुमचा आवाज मिळाला की "जुळलं" म्हणजे काय ते त्याला कदाचित पहिल्यांदाच जाणवेल. मग दोघे मिळून एकेक स्वर वर सरका. वर खेचण्यापेक्षा ही वाट पुष्कळ बरी.

मोठ्या आवाजाच्या माणसाला गप्प करू नका, जबाबदारी द्या. षड्ज धरायला सांगा किंवा गाणं त्याच्याकडून सुरू करून घ्या.

चित्रीकरण नको. घरी सराव करायला कुणाला हवं असेल तर फक्त तुमच्या आवाजात गाणं भरून पाठवा. जुन्या, लोकांच्या तोंडी आलेल्या गाण्यांना सहसा अडचण नसते. नव्या गाण्यांच्या प्रती वाटण्याआधी मात्र तुमच्या देशातले स्वामित्वहक्काचे नियम बघा.

६. गाणं संपल्यावर

शेवटची पंधरा-वीस मिनिटं रिकामी ठेवा. माणसं गाऊन उठली की बोलती होतात, तेव्हा दिवे घालवायची घाई करू नका. कुणी सलग दोन भेटींना आलं नाही तर फोन करून विचारा, बोलावण्यासाठी नव्हे, चौकशीसाठी. खर्च असेल तर दाराशी डबा ठेवा. ज्याला जमेल त्याने टाकावं, कुणी काय टाकलं हे बघू नये.

दोन-तीन महिन्यांत दुसऱ्या कुणाला तरी एक गाणं शिकवायला सांगा आणि तुम्ही गोलात जाऊन बसा. एक वही ठेवा : गाण्याचे शब्द, कुठल्या पट्टीत बसलं, कुणी आणलं. तुम्ही एखाद्या दिवशी आला नाहीत तर वही जिच्या हातात असेल ती पहिलं गाणं सुरू करेल.