फर्स्ट एड किटमध्ये टेप नक्की कुठली ठेवायची? (पावसाळी ट्रेकवाल्यांसाठी खास)

मागच्या एका जुलैत पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावरून उतरत होतो, पाऊस असा की पुढचा माणूस दिसेना, आणि आमच्यातला एक जण शेवाळलेल्या कातळावरून घसरला, नडगीवर चांगली चार बोटं लांब जखम. किट माझ्याकडे होतं, ऑनलाइन मागवलेलं, लाल पाऊच, आत सगळं व्यवस्थित लावलेलं. गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार सुती कापड) ठेवला, किटमधली पांढरी कागदी टेप लावली, तो दहा पावलं चालला नसेल तोच टेप सुटून लोंबायला लागली. पुसून परत लावली, परत तेच. शेवटी एकाच्या गळ्यातला बफ काढून त्याने गॉज बांधला आणि त्याला हळूहळू खाली आणला. तेव्हापासून मी टेप नीट बघून, हाताळून घेतो आणि दरवर्षी जूनच्या आधी किट उघडतो तेव्हा पहिली टेपच तपासतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. टेपने रक्त थांबत नाही, रक्त थांबतं दाबाने. जखमेवर गॉज ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरायचं, मध्ये मध्ये उचलून बघायचं नाही, भिजला तर त्याच्यावरच दुसरा गॉज. टेपचं काम त्यानंतरचं, ते ड्रेसिंग जागेवर धरून ठेवायचं. रक्त वाहतंय म्हणून टेप गोल गोल आवळत सुटणारे लोक मी पाहिलेत, त्याने खालचा भाग सुजतो, निळा पडतो आणि रक्त मात्र चालूच राहतं. रक्त थांबतच नसेल तर प्रेशर बँडेज (जखमेवर दाब धरून ठेवणारी पट्टी) लागतं, हातपाय असेल तर टूर्निके (जखमेच्या वर आवळून रक्त अडवणारा पट्टा), पण ते शिकून घेतलं असेल तरच, आणि १०८ ला फोन.

आता मेडिकलमध्ये काय काय मिळतं ते बघू. मायक्रोपोर म्हणून जी मागतो ती कागदी टेप. खरं तर ते ब्रँडचं नाव, पण आता कुठल्याही कंपनीची असली तरी आपण मायक्रोपोरच म्हणतो. हलकी, हवा खेळते, हाताने फाटते, काढताना कातडीला त्रास कमी. चेहरा, लहान मुलं, म्हातारी माणसं यांच्यासाठी हीच. पण घाम आणि पाऊस लागला की संपली, वर सांगितलंच. म्हणून ती वाईट असं अजिबात नाही बरं का. २०१६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २५० किलोमीटरच्या अल्ट्रामॅरेथॉन पळणाऱ्यांच्या पायावर हीच साधी कागदी टेप आधीच लावून बघितली, तर फोड येण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी झालं. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण दुकानात सगळ्यात स्वस्त हीच असते. फक्त कोरड्या पायावर, मोजे घालायच्या आधी लावायची.

दुसरी म्हणजे झिंक ऑक्साइडची कापडी टेप, आपल्याकडे सगळे तिला ल्युकोप्लास्ट म्हणतात, हेही ब्रँडचंच नाव आणि बायर्सडॉर्फ या जर्मन कंपनीने ते १९०१ मध्ये आणलं. ट्रेकच्या किटमध्ये एकच टेप ठेवायची म्हणलात तर मी हीच ठेवेन. सुती कापड, चिकट एकदम पक्की, घामातही बऱ्यापैकी टिकते, ताणत नाही त्यामुळे मुरगळलेल्या बोटाला, घोट्याला आधार देते, आणि आडवी हाताने फाटते. ही शेवटची गोष्ट दुकानात उभं राहून फार महत्त्वाची वाटत नाही, पण एका हाताने गॉज दाबून धरलेला असताना कात्री शोधायची वेळ आली की कळते. घेतल्यावर घरी ग्लोव्हज घालून एकदा फाडून बघा. दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं अगदी जवळ जवळ, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अंतर, आणि एक हात पुढे एक मागे असा झटका. हळूहळू ओढत बसलात तर कडा गोळा होते, मग ती फाटत नाही, आणि चिकट बाजू ग्लोव्हजला चिकटते ते वेगळंच. दोन-चार वेळा केलं की हात बसतो.

हिचा तोटा म्हणजे ती कातडीलाही तितकीच धरते, आणि काही लोकांना तिच्या चिकटाची ॲलर्जी असते, टेपच्या बरोबर मापाचा लाल चौकोन उठतो आणि खाजतो. ग्रुपमध्ये निघायच्या आधीच विचारून ठेवा कोणाला पट्टीने पुरळ उठतं का.

तिसरी डायनाप्लास्ट टाइप, म्हणजे ताणली जाणारी जाड चिकट पट्टी. गुडघा, कोपर, खांदा अशा वाकणाऱ्या जागी साधी टेप टिकत नाही तिथे ही कामाची. पण पूर्ण ताणून गुंडाळली की नंतर ती आवळते, आणि हिला कात्री लागतेच. त्यापेक्षा एक क्रेप बँडेज आणि त्याचं टोक चिकटवायला ल्युकोप्लास्ट, हे कॉम्बिनेशन मला जास्त सोपं वाटतं आणि कोणीही करू शकतं. ट्रान्सपोर, म्हणजे सलाईनची सुई धरायला लावतात ती भोकाभोकाची पारदर्शक प्लास्टिक टेप, ट्रेकला नसली तरी चालेल. आणि गाडीतली, दुरुस्तीची डक्ट टेप थेट कातडीवर नको, काठीची स्प्लिंट (मोडलेला हातपाय हलू नये म्हणून दिलेला आधार) बांधायला कपड्यावरून चालेल.

रुंदी एक इंच घ्या, म्हणजे अडीच सेंटिमीटर. अर्ध्या इंचाची बोटांपुरती, मोठा गॉज धरत नाही, आणि दोन इंची लागली तर एक इंचीच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावता येतात. चार-पाच जणांच्या एक-दोन दिवसाच्या ट्रेकला एक कापडी रोल आणि एक कागदी रोल, झालं.

आता पावसात लावायची कशी. आधी कोणाला तरी छत्री नाहीतर पोंचो डोक्यावर धरायला सांगा. जखमेभोवतीची कातडी कोरडी करा, चोळू नका, टिपून घ्या, किटमध्ये एका झिपलॉकमध्ये छोटा कोरडा नॅपकिन फक्त याच्यासाठी ठेवा. पायावर दाट केस असतील तर टेप केसांनाच चिकटते, कातडीला नाही, अशा वेळी गॉजवरून क्रेप बांधलेलं बरं. टेप गॉजच्या पुढे दोन्हीकडे किमान एक इंच कातडीवर गेली पाहिजे. ओढून ताणून चिकटवायची नाही, मधोमध ठेवून बाहेरच्या बाजूला बोटाने दाबत न्यायची, ताणून लावली की कडेला कातडी खेचली जाते आणि तिथेच नवीन फोड येतो. नंतर तळहात अर्धा मिनिट तसाच दाबून ठेवा, अंगाच्या उबेने चिकट नीट बसतो.

हातापायाला, बोटाला पूर्ण वेढा शक्यतो नको, दोन टोकांमध्ये फट ठेवा, कारण सूज नंतर येते. वेढा द्यावाच लागला तर पुढच्या बोटाचं नख दाबून सोडा, पांढरं झालेलं नख दोन सेकंदात परत गुलाबी व्हायला हवं. नाही झालं, मुंग्या आल्या, बोट गार लागलं तर लगेच सैल करा. मुरगळलेलं बोट शेजारच्या बोटाला बांधताना मध्ये थोडा गॉज घाला आणि पट्टी सांध्याच्या वर आणि खाली लावा, सांध्यावर नाही.

कुठे टेप लावूच नये तेही सांगतो. भाजलेल्या कातडीवर नाही, तिथे वीस मिनिटं वाहतं गार पाणी आणि वर सैल स्वच्छ झाकण. साप चावला तर वर-खाली काहीही आवळायचं नाही, तो हात किंवा पाय हलू न देता लवकरात लवकर हॉस्पिटल. छातीला आरपार जखम असेल तर ती टेपने चारी बाजूंनी सीलबंद करू नका, आत हवा कोंडून माणूस दगावू शकतो.

काढताना सगळ्यांची चूक एकच होते, झटकन ओढणे. माझ्या आजीच्या हातावरची सलाईनची टेप अशीच कोणीतरी खसकन ओढली होती, कागदासारखी पातळ झालेली कातडी टेपबरोबर आली आणि ती जखम भरायला कितीतरी दिवस गेले, आजी प्रत्येक वेळी हात मागे घ्यायची. म्हाताऱ्या माणसाची टेप काढताना कडेला खोबरेल तेल लावा (जखमेत जाऊ देऊ नका), दोन मिनिटं थांबा, मग टेप कातडीला समांतर, केसांच्या दिशेने मागे वळवत न्या आणि दुसऱ्या बोटाने कातडी दाबून धरा. वेळ लागतो, लागू दे.

आणखी एक उपयोग, पांढऱ्या कापडी टेपवर बॉलपेनने लिहिता येतं. टूर्निके किती वाजता बांधला, पॅरासिटामॉल कधी दिली, हे टेपच्या तुकड्यावर लिहून जखमीच्या शर्टवर लावा, १०८ वाल्यांना ते दिसतं आणि आपल्याला आठवत बसावं लागत नाही.

रोल गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा बाइकच्या डिकीत वर्षभर ठेवू नका, मे महिन्यात चिकट वितळून कडेने बाहेर येतो आणि रोल एकसंध गठ्ठा होतो. घरात ठेवा, झिपलॉकमध्ये, एक्सपायरी बघून. आणि वापरून झाल्यावर टोक अर्धा सेंटिमीटर आत दुमडून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी ओल्या, थरथरत्या बोटांनी ते शोधत बसावं लागणार नाही.