अनाथ मुलांसाठी कापडी बाहुली सजवताय? या चुका टाळा

पहिली चूक ब्रश हातात घ्यायच्या आधीच होते, बाहुली जाणार कुठे हे कोणी विचारतच नाही. लिलावात विकून तिचे पैसे मुलांना जाणार, की बाहुलीच एखाद्या पोराच्या हातात पडणार, ही दोन वेगळी कामं आहेत बरं का. लिलावाच्या बाहुलीला मणी, आरसे, टिकल्या काय हवं ते लावा, पण 3 वर्षांच्या आतलं मूल दिसेल ते तोंडात घालतं, त्याच्या बाहुलीला बटणांचे डोळे नकोच, दोऱ्याने भरतकाम करून काढा. खेळणी तपासताना 31.7 मिमी व्यासाचं एक छोटं नळकांडं वापरतात, त्यात जे अख्खं मावतं ते घशात अडकू शकतं असं धरतात, आणि आपली बटणं नि मणी त्यात आरामात मावतात.

आता चेहरा, सगळ्यात जास्त वाट इथेच लागते. मी पहिल्यांदा कोऱ्या मांजरपाटावर पातळ रंगाने भुवई काढली, रंग धाग्याधाग्याने पसरत गेला आणि बघता बघता भुवईची मिशी झाली. त्यात घाबरून ओल्या फडक्याने घासलं, मग तर कपाळच गेलं! कापड आधी धुवा म्हणजे खळ निघते आणि आटायचं ते आटून जातं, रंग घट्ट घ्या, ब्रश टिपून घ्या. पसरलाच तर हात लावू नका, पूर्ण सुकू द्या आणि वरून अंगाच्या रंगाचा हात मारा. इस्त्रीने पक्का करायचा रंग असेल तर ते काम कापूस भरायच्या आधी उरका, पॉलिस्टरचा कापूस उष्णतेने वितळतो. फक्त एक लोचा आहे, भरल्यावर कापड ताणलं जातं आणि डोळे एकमेकांपासून लांब जातात, म्हणून मी आधी थोडा कापूस भरून पेन्सिलने खुणा करते, मग कापूस काढून रंगवते. कटकट आहे, पण तिरळी बाहुली परवडत नाही.

केस ग्लू गनने चिकटवू नका, कोणीतरी वेणी ओढली की अख्खा टोपच हातात. लोकर भांगाच्या रेषेवर शिवून टाका. मान लुळी पडत असेल तर तिथे कापूस कमी पडलाय, पेन्सिलच्या बोथट टोकाने ठासून भरा.

आणि प्लीज, ‘अनाथांसाठी’ म्हणून गालावर अश्रू नि फ्रॉकला ठिगळं नकोत, टॅगवर कुठल्या मुलाचा फोटो किंवा नावही नको. टॅगवर कामाचं लिहा, धुता येते का, आणि मणी लावले असतील तर ‘शोभेची आहे, खेळायला देऊ नका’ हे ठळक अक्षरात, नाहीतर बोली जिंकणारे आजोबा कौतुकाने ती घरी नेतात आणि थेट दीड वर्षाच्या नातीच्या हातात देतात.