मुलांचं उन्हाळी लेखन शिबिर घेताय? या चुका टाळा

मे महिना लागला की वाचनालयाच्या दारावर, सोसायटीच्या फलकावर, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत शिबिरांच्या जाहिराती दिसू लागतात. त्यांत आता 'सर्जनशील लेखन' बऱ्यापैकी रुळलंय, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण शिबिर संपल्यावर मुलांच्या वह्या चाळल्या की पुष्कळदा जीव हळहळतो. वीस वह्यांमध्ये एकच संध्याकाळ असते: सूर्य मावळतीला झुकलेला, पक्षी घरट्याकडे परतणारे, मंद वारा वाहणारा. ही वाक्यं ज्या मुलांनी लिहिलेली असतात, ती संध्याकाळी इमारतीखाली क्रिकेट खेळत असतात किंवा गावच्या विहिरीवर डुंबत असतात. त्यातलं काहीच कागदावर आलेलं नसतं.

याला मुलं जबाबदार नाहीत. मोठ्यांचा हात त्यांच्या वाक्यात फार लवकर शिरतो. शिबिरातल्या बहुतेक अडचणी मला तिथूनच सुरू होताना दिसतात.

शाळेतलेच विषय पुन्हा देणं

'मी पंतप्रधान झालो तर', 'पाऊस पडला नाही तर', 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत'. यांची तयार उत्तरं मुलांकडे असतात, कारण ती निबंधाच्या वहीतून पाठ झालेली असतात. विषय ऐकताच पेन धावू लागलं तर सावध व्हा, पाठांतर उतरतंय.

विषय लहान आणि हाताशी असलेला द्या. 'उन्हाळा' हा विषय मोठा आहे, 'काल दुपारी दोन वाजता तुमच्या घरात कोण काय करत होतं' हा लिहिता येण्याजोगा. मे महिन्यात असे विषय शोधायला लांब जावं लागत नाही. गच्चीवरचं वाळवण, आंब्याची अढी, एसटी स्टँडवरची गर्दी, गेलेली वीज, मामाच्या घरी गाद्या घालताना होणारी जागेची भांडणं, पाण्याचा टँकर आला की होणारी पळापळ. पण यादी फळ्यावर लिहून 'यातला एक निवडा' म्हणू नका. आधी वीस मिनिटं नुसत्या गप्पा मारा. एकानं टँकरचं सांगितलं की दुसऱ्याला आपली बादली आठवते, आणि लिहायला बसेपर्यंत प्रत्येकाकडे स्वतःचं काहीतरी आलेलं असतं.

पहिल्याच दिवशी लाल पेन

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. सहावीतल्या एका मुलानं कुरडयांवर लिहिलेला हा मजकूर आहे तसाच देते:

'आजी म्हणली चीक गरम आहे थांब. मी थांबलो नाही. जीभ भाजली. मग आजीनं मला काठी दिली आणि गच्चीवर कावळे हाकलायला बसवलं. कावळे आलेच नाही. चिमण्या आल्या. चिमण्यांना मी हाकललं नाही.'

शिबिरातल्या एका मदतनीस ताईंनी 'म्हणली'चं 'म्हणाली' केलं, 'आले नाही'चं 'आले नाहीत' केलं, सुरुवातीला 'आमच्याकडे दरवर्षी उन्हाळ्यात कुरडया करतात' हे वाक्य घालायला सांगितलं आणि खाली लिहिलं, 'शेवट कर.' मुलानं दुसऱ्या मसुद्यात सगळं ऐकलं. शेवट केला: 'अशा प्रकारे कुरडया तयार होतात. मला कुरडया खूप आवडतात.' चिमण्या गेल्या.

ताईंचा हेतू चांगलाच होता आणि व्याकरणाच्या दोन्ही दुरुस्त्या बरोबर होत्या. पण त्या मुलाचा शेवट आधीच झाला होता. ज्याला कावळे हाकलायला बसवलं, त्यानं चिमण्यांना खाऊ दिलं, हे त्यानं एकही विशेषण न वापरता सांगितलं होतं. मोठ्या माणसालाही ते सहज जमत नाही.

अशा वेळी शेजारी बसून एवढंच विचारावं, 'चिमण्यांना का नाही रे हाकललंस?' नंतर त्याला हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'त्या थोडंसंच खातात.' हे वाक्यही वहीत यायला हवं होतं.

म्हणून पहिल्या मसुद्यावर पेन चालवायचंच नाही, फक्त प्रश्न विचारायचे. तेव्हा काय दिसत होतं? ती नेमकं काय म्हणाली? मग तू काय केलंस? शुद्धलेखन शेवटच्या दोन दिवसांत, मजकूर पक्का झाल्यावर, मुलाला बरोबर घेऊन तपासावं. ऱ्हस्व-दीर्घ शिकवायलाच हवं, मराठी नीट लिहिता यायलाच हवी. फक्त त्याची वेळ नंतरची आहे.

घरची बोली दाराबाहेर ठेवणं

मालवणी आजी गोष्टीत 'कुठे चालला आहेस?' असं बोलायला लागली की ती आजी राहत नाही. 'खंय चललंस?' हेच तिचं बोलणं. वऱ्हाडी, अहिराणी, आगरी, कोल्हापुरी, ज्या घरात जे बोलतात ते संवादात जसंच्या तसं येऊ द्या. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ही विभागणी पाचवीच्या मुलांनाही पटकन कळते. सगळी गोष्टच बोलीत लिहायची असेल तर तीही लिहू द्या आणि वाचताना कोणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवा. एकदा हसू झालं की ते मूल उरलेले सगळे दिवस पुस्तकी लिहितं.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. ती फर्डं मराठी बोलतात, पण जोडाक्षराशी हात अडखळतो. हात हळू चालतो म्हणून ती सोपी, छोटी वाक्यं निवडतात आणि आपल्याला वाटतं मुलाकडे सांगण्यासारखं काही नाही. त्यांना आधी बोलू द्या. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा किंवा ताईनं शब्दन् शब्द उतरवून घ्यावा, मग त्यांनी आपलाच मजकूर बघून पुन्हा लिहावा. आपण बोललेलं वाक्य देवनागरीत समोर पाहिलं की बहुतेक मुलं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वतःहून पेन मागतात.

वयोगट आणि वेळ

तिसरीचं मूल आणि नववीचं मूल एका सतरंजीवर बसवू नका. तिसरी-चौथी, पाचवी ते सातवी, आठवी-नववी असे तीन गट ठेवा. एका ताई-दादाकडे बारा-पंधरा मुलं पुरे. वेळ सकाळी आठ ते साडेदहा. विदर्भ-मराठवाड्यात तर त्यापुढे मुलांना उन्हातून घरी पाठवणं योग्यच नाही. प्यायचं पाणी आणि मधल्या वेळचा खाऊ यांची सोय आधी, पाहुण्या लेखकाचं निमंत्रण नंतर.

अडलेल्या मुलाला ढकलणं

'काय लिहू?' म्हणणाऱ्या मुलाला विषय बदलून देऊ नका, त्याला तोंडी सांगायला लावा आणि त्याचंच पहिलं वाक्य त्याच्या कागदावर लिहून द्या. पाच मिनिटांत 'झालं!' म्हणणाऱ्याला 'अजून लिही' म्हटलं की तो भर घालतो. त्याऐवजी त्याच्याच मजकुरातल्या एका वाक्यावर बोट ठेवा आणि 'इथे नेमकं काय घडलं?' विचारा. फक्त भुतं, मारामाऱ्या आणि सुपरहिरो लिहिणाऱ्याला रोखू नका. त्याला सांगा, भूत तुमच्याच इमारतीत येतं, कुठल्या मजल्यावर? वॉचमन काका काय करतात? इमारत आली की गोष्ट त्याची होते.

आठवी-नववीची काही मुलं एआयकडून गोष्ट लिहून आणतात. ती सराईत असते, तिला नातं नसतं, ठिकाण नसतं. चारचौघांत पकडून अपमान करू नका. लिहिणं शिबिरातच, हातानं, हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांसाठी ठेवा. घरून काही लिहून आणायला सांगूच नका, म्हणजे पालकांनी लिहून देण्याचाही प्रश्न मिटतो.

वाचनाला फाटा देणं

रोज अर्धा तास वाचन नसेल तर लेखन शिबिर तिसऱ्या दिवशी कोरडं पडतं. मोठ्यानं वाचून दाखवा, आणि वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नका. साहित्य मिळत नाही ही सबब चालणार नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात.

साताऱ्याजवळ असाल तर एक दिवस भिलारला जा. पाचगणीजवळचं हे गाव 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं आणि पुस्तकं तिथल्या घरांमध्ये मांडलेली आहेत. मात्र एका दिवसात सगळी घरं दाखवायचा अट्टहास नको. एका घरात दोन तास बसू द्या, आणि परतताना गाडीत 'प्रवासवर्णन लिहा' असं मुळीच सांगू नका.

समारोपासाठी शिबिर राबवणं

पाचव्या दिवसापासून तालीम, माईक, कोण आधी वाचणार, प्रमुख पाहुणे कोण, आणि लिहिणं संपलं. समारोप अर्ध्या तासाचा, घरगुती ठेवा. क्रमांक काढू नका. ज्याला वाचायचं नाही त्याच्या वतीनं मित्र वाचेल, किंवा कोणीच वाचणार नाही. पुस्तिका काढणार असाल तर मजकुरावर मोठ्यांनी शेवटचा हात फिरवायचा नाही. मूल आपलं वाक्य छापील पानावर शोधतं आणि ते बदललेलं दिसलं तर पुढच्या वर्षी येत नाही. पुस्तिकेत किंवा समाजमाध्यमांवर फोटो, पूर्ण नाव, शाळा देण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या आणि मुलालाही विचारा.

वहीत आलेलं दुखणं चारचौघांत वाचणं

मुलांना खरं लिहायला सांगितलं की कधीतरी खरंच खरं येतं. बाबांचं पिणं, घरातली मारहाण, आजोबांचं जाणं. असा मजकूर मुलाला विचारल्याशिवाय कुणालाही दाखवू नका आणि 'किती छान लिहिलंस' म्हणून कौतुकही करू नका. आधी त्याच्याशी एकट्यानं, शांतपणे बोला. त्यात मुलावर अत्याचार होत असल्याचं दिसलं तर गोष्ट शिबिरापुरती राहत नाही. खोदून खोदून चौकशी न करता 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला कळवा. लैंगिक अत्याचार असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ते 'घरचं प्रकरण' म्हणून दाबता येत नाही. काय करायचं हे शिबिर सुरू होण्याआधीच सगळ्या मदतनिसांना सांगून ठेवा.

पालकांसाठी

रोज दारात 'आज काय लिहिलंस, दाखव' म्हणू नका. वही मुलाच्या दप्तरात राहू द्या, ते दाखवेल तेव्हा बघा आणि बघताना चुका मोजू नका. शिबिर संपल्यावर लगेच दुसऱ्या वर्गाला घालण्यापेक्षा जवळच्या वाचनालयाच्या बालविभागाचं सभासदत्व घेऊन द्या. आयोजकांनीही जून-जुलैत महिन्यातून एक रविवार, तासभर, त्याच मुलांना त्याच जागी बोलवावं. शाळा सुरू झाल्यावर जी पाच-सहा मुलं तरीही येतील, त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी वेगळा गट करा.