मसल्सचा चार्ट पाठ करायला बसण्याआधी हे वाचा (फर्स्ट इयरवाल्यांसाठी)

ऍनाटॉमी सुरू झाली की थोड्याच दिवसांत तो चार्ट हातात पडतो, ओरिजिन (मसल जिथून सुरू होतो), इन्सर्शन (जिथे जाऊन चिकटतो), नर्व्ह सप्लाय (कुठली नर्व्ह त्याला चालवते), ऍक्शन (तो काय हलवतो) असे चार कॉलम आणि खाली नावंच नावं. त्यात कोणीतरी सांगतं की शरीरात सहाशेच्या वर स्केलेटल मसल्स आहेत, झालं, निम्म्या जणांचं अवसान तिथेच गळतं. मी फिजिओथेरपी केली, आता ज्युनिअर्सच्या प्रॅक्टिकलला मदत करते आणि दर बॅचला तेच बघते, पोरं चार्ट डावीकडून उजवीकडे घोकत सुटतात, मग व्हायवात (तोंडी परीक्षेत) सरांनी प्रश्न जरा फिरवून विचारला की भंबेरी उडते.

माझं म्हणणं एवढंच आहे की ऍक्शनचा कॉलम पाठ करायचाच नाही, तो काढायचा. म्हणजे काय, तर मसल फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. मग प्रत्येक मसलला दोनच प्रश्न विचारायचे, तू कुठला जॉइंट ओलांडतोस आणि कुठल्या बाजूने? कोपराच्या पुढून गेलास तर कोपर वाकवणार, मागून गेलास तर सरळ करणार. ओरिजिन-इन्सर्शन नीट कळलं असेल तर ऍक्शन आपोआप निघते, आणि ती वहीत न काढता स्वतःच्या हातापायावर काढायची.

बायसेप्सच घ्या, सगळ्यांना तो येतो असं वाटतं म्हणून मुद्दाम. आत्ता वाचता वाचता करा. कोपर काटकोनात वाकवून टेबलावर टेकवा, तळवा खाली, दुसऱ्या हाताची बोटं दंडावर ठेवा. आता कोपर अजिबात न हलवता फक्त तळवा वर फिरवा, जरा जोर लावून. बोटांखाली गोळा टरकन वर आला की नाही? कोपर तर हललंच नाही! कारण बायसेप्स रेडियसला (फोरआर्ममधलं अंगठ्याच्या बाजूचं हाड) चिकटतो, तेही आतल्या बाजूच्या उंचवट्याला, आणि तळवा खाली असताना रेडियस फिरल्यामुळे तो उंचवटा मागच्या बाजूला गेलेला असतो. मग बायसेप्सने ओढलं की हाड आधी उलटं फिरतं आणि तळवा वर येतो, म्हणजे सुपिनेशन. उजव्या हाताने स्क्रू आवळायला जास्त ताकद मिळते आणि सोडवायला कमी, ती यामुळेच. तळवा खाली ठेवून वजन उचललंत तर बायसेप्स बराच मागे पडतो आणि त्याच्याखालचा ब्रेकिअॅलिस काम ओढतो, कारण तो अल्नाला (करंगळीच्या बाजूचं हाड) चिकटतो आणि तळवा कसाही फिरवा, अल्नाला त्याचा फरक पडत नाही. हे एकदा हातावर बघितलं की चार्टमधल्या तीन ओळी पाठ करायची गरजच उरत नाही.

अजून एक गंमत बघा, बायसेप्स कोपरापासून जेमतेम ४-५ सेंमीवर चिकटतो आणि तळहातातलं वजन असतं साधारण ३५ सेंमीवर. म्हणजे ५ किलो नुसतं धरून ठेवायला कोपर वाकवणाऱ्या मसल्सना मिळून ३५ ते ४५ किलोच्या आसपास ओढावं लागतं, हाताचं स्वतःचं वजन वेगळंच. बायोमेकॅनिक्स वाचताना थर्ड क्लास लीव्हर (टेकू एका टोकाला, वजन दुसऱ्या टोकाला आणि ओढणारा मध्ये) येईल तेव्हा हे आठवा. ताकदीच्या हिशोबात हा तोट्याचा सौदा वाटतो पण मसल थोडासा आखडला तरी हात लांबवर आणि झटकन जातो, शरीराला तेच हवं असतं.

आता व्हायवातला हमखास प्रश्न. हातात जड वस्तू आहे आणि तुम्ही ती हळूहळू खाली ठेवताय, कोपर सरळ होतंय, तर कुठला मसल काम करतोय? दहातले आठ जण ट्रायसेप्स म्हणतात. खाली न्यायला ग्रॅव्हिटी आहेच की, ट्रायसेप्सची गरज काय! काम करतोय बायसेप्स आणि ब्रेकिअॅलिसची जोडी, लांब होत होत ब्रेक लावतायत, याला एक्सेंट्रिक म्हणतात. जिना उतरताना मांडीतला क्वाड्रिसेप्स हेच करतो. आणि सवय नसताना असं काम जास्त झालं की दुसऱ्या तिसऱ्या दिवशी अंग आंबतं, त्याला लॅक्टिक ऍसिड साठलं असं म्हणायची पद्धत आहे पण ते कृपया व्हायवात म्हणू नका, लॅक्टेट तास-दोन तासांत निघून गेलेलं असतं. २४ ते ७२ तासांत वाढणारं ते दुखणं मसलच्या फायबर्सना (तंतूंना) झालेल्या बारीक इजेचं आणि त्यानंतरच्या सुजेचं असतं.

फिजिऑलॉजीकडे जायच्या आधी अजून एक प्रयोग. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि तसंच ठेवून घट्ट मूठ आवळून बघा. होत नाही. बोटं अर्ध्यात लटकतात. बोटं वाकवणारे मसल्स मनगटावरूनच पुढे जातात, मनगट वाकल्यावर ते आधीच आखूड झालेले असतात, अजून आखडायला जागा नाही, वर मागचे एक्सटेन्सर (बोटं सरळ करणारे मसल्स) ताणले जाऊन बोटांना मागे खेचतात ते वेगळंच. आता प्रश्न पडायला हवा की आखूड झालेला मसल कमी जोर का लावतो, आणि तो प्रश्न पडला की मगच सार्कोमिअर उघडा, नाहीतर तो धडा डोक्यावरून जातो.

सार्कोमिअर म्हणजे फायबरमधला सगळ्यात छोटा काम करणारा तुकडा, साधारण २ ते अडीच मायक्रॉनचा. त्यात जाड मायोसिन आणि बारीक ऍक्टिन या प्रोटीनचे धागे एकमेकांत सरकवून ठेवलेले. आखडताना दोघांपैकी कोणाचीच लांबी कमी होत नाही, नुसते एकमेकांवरून सरकतात. म्हणून ए बँड (मायोसिनच्या लांबीचा पट्टा) तसाच राहतो आणि आय बँड (नुसत्या ऍक्टिनचा पट्टा) नि एच झोन (मधला नुसत्या मायोसिनचा भाग) लहान होतात, हे चित्र स्वतःच्या हाताने काढा, दोनदा काढा, एक रिलॅक्स एक काँट्रॅक्टेड. खूप ताणलं तर मायोसिनच्या डोक्यांना (ऍक्टिन पकडून ओढणारी टोकं) पकडायला ऍक्टिनच समोर उरत नाही, खूप आखूड केलं तर सगळी गर्दी होते, मधल्या लांबीला जोर सगळ्यात जास्त. मुठीचं उत्तर इथे आहे. (हा सरकण्याचा सिद्धांत १९५४ साली नेचर या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन जोड्यांनी मांडला, अँड्र्यू हक्सली आणि निडरगर्के एकीकडे, ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन दुसरीकडे, आणि दोन्ही हक्सली एकमेकांचे कोणीच नव्हते.)

पुढची साखळी एका दमात म्हणता आली पाहिजे, नर्व्हच्या टोकाला सिग्नल आला की ऍसिटिलकोलीन (निरोप पोचवणारं रसायन) सुटतं, ते फायबरवरच्या रिसेप्टरला लागतं, सोडियम आत घुसतो, त्याने उठलेली विजेची लाट टी ट्युब्यूलमधून (आवरणाच्या आत गेलेल्या नळ्या) आत खोल जाते, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमचं (कॅल्शियमची कोठी) दार उघडतं, कॅल्शियम बाहेर येतो, ऍक्टिनवरच्या ट्रोपोनिनला चिकटतो, ऍक्टिन झाकून बसलेलं ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतं आणि मायोसिनच्या डोक्यांना ऍक्टिन पकडता येतं. रस्सीखेचीत सगळे हात एकदम सुटत नाहीत तसंच, काही डोकी धरून असतात तेव्हा बाकीची सोडून पुढे पकडतात.

आणि इथेच घोडं अडतं. सगळे लिहितात की एटीपी (पेशीचं इंधन) ओढायला लागतं. ते चूक नाही पण अर्धवट आहे, सोडायला एटीपी आधी लागतं! नवीन एटीपी येऊन चिकटल्याशिवाय मायोसिनचं डोकं ऍक्टिनला सोडतच नाही. शिवाय कॅल्शियम परत आत भरणाऱ्या पंपालाही एटीपीच हवं. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठ होतं ते यामुळे, एटीपी संपलं, डोकी जिथल्या तिथे अडकली, आणि पुढे प्रोटीनच तुटायला लागल्यावर तो ताठरपणा जातो. रायगर मॉर्टिसवर (म्हणजे याच ताठरपणावर) प्रश्न आला तर हे लिहा, नुसतं ताठ होतं म्हणून सोडून देऊ नका.

जोर कमी-जास्त कसा होतो हे पण पोरं गाळतात. एक नर्व्ह सेल आणि तिच्या हाताखालचे सगळे फायबर्स मिळून मोटर युनिट, सिग्नल आला की त्यातले सगळे आखडतात नाहीतर कोणीच नाही. डोळ्याच्या मसलमध्ये एका युनिटला दहाच्या आसपास फायबर्स, पोटरीत हजाराच्या वर, त्यामुळे डोळा बारीक हलवता येतो आणि पोटरी दणकट. आधी छोटी युनिट्स कामाला लागतात, मग मोठी. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दंडाचं माप तेवढंच राहून ताकद वाढते, त्यातलं बरंचसं काम नर्व्हस सिस्टिमचं असतं, युनिट्स जास्त संख्येने आणि जास्त वेगाने बोलावता यायला लागतात.

आता उरला नर्व्ह सप्लायचा कॉलम, तो मात्र पाठ करावाच लागतो, पण कंपार्टमेंटने (एका बाजूच्या मसल्सचा गट) करा. दंडाची पुढची बाजू मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह, मागची रेडियल. फोरआर्मची पुढची बाजू मीडियन, अपवाद फ्लेक्सर कार्पी अल्नारिस आणि फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसचा आतला अर्धा भाग, ते दोन अल्नरकडे. मागची बाजू पुन्हा रेडियल आणि तिच्या फांद्या. म्हणजे नियम मोजकेच आणि पाठ करायचे ते अपवाद, व्हायवात विचारतात तेही अपवादच. पामारिस लॉंगस हा फोरआर्मचा मसल तर काही लोकांत नसतोच, अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकवा, मधोमध दोरीसारखा टेंडन उठला तर तुमच्यात आहे. बॅचमध्ये सगळ्यांचे हात बघा, दोन-तीन जणांत तरी बहुतेक सापडणार नाही.

कार्डियाक आणि स्मूथ मसल याच धड्यात असतात पण सुरुवातीला त्यांच्यात फार अडकू नका. हृदयाचा मसल टिटॅनसमध्ये (न सुटता आखडलेलाच राहणं, तो आजार नव्हे) का जात नाही एवढं सांगता आलं पाहिजे, त्याचा रिफ्रॅक्टरी पिरियड (नवा सिग्नल न घेण्याचा काळ) जवळजवळ त्याच्या काँट्रॅक्शनइतकाच लांब, साधारण २५० मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे पहिला ठोका ओसरत आल्याशिवाय दुसरा बसूच शकत नाही. स्मूथ मसलमध्ये ट्रोपोनिन नसतं, तिथे कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला चिकटतो, हा एक फरक लिहून ठेवा. बाकीचं रक्तवाहिन्या आणि आतडी शिकताना परत येतंच, तेव्हा बघा.