पुढच्या दाताचा टवका उडालाय? बाँडिंग की व्हिनिअर, ते असं ठरवा

नारायण पेठेत माझी दातांची लॅब आहे. डॉक्टर माप पाठवतात, आम्ही कॅप, ब्रिज, व्हिनिअर बनवून देतो. सव्वीस वर्षं हेच काम करतोय. बाँडिंग म्हणजे दाताच्या रंगाचं मऊ मटेरियल, म्हणजे कंपोझिट, थेट दातावर चढवून कडक करणं. व्हिनिअर म्हणजे बहुतेक वेळा दात पुढून थोडा घासून त्यावर चिकटवलेली पोर्सेलिनची पातळ पापडी. व्हिनिअरवर माझं घर चालतं, आणि तरीही दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या दाताचा टवका उडाला तेव्हा मी तिला बाँडिंगच करून घ्यायला लावलं. त्यामागचा विचार इथे सविस्तर सांगतो. लग्न ठरलं, मुलाखत आली, की लोक आठ दिवसांत दातांचा निर्णय घेतात. बाँडिंग चुकलं तर काढून पुन्हा करता येतं. घासलेला दात मात्र परत येत नाही.

मुलगी ढोल पथकात वाजवते. नदीपात्रातल्या सरावात शेजारणीचं टिपरू उसळलं आणि हिच्या वरच्या पटाशीच्या दातावर बसलं. तांदळाच्या दाण्याएवढा कोपरा गेला. असा तुकडा सापडला तर दुधात किंवा पाण्यात घालून डॉक्टरांकडे न्या, कधीकधी तोच परत चिकटवता येतो. तिचा वाळूत गेला. डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढला, दात हलतोय का, नस जिवंत आहे का ते पाहिलं. दिसण्याचा विचार त्यानंतर. मार लागलेल्या दाताची नस काही महिन्यांनीही मरू शकते, मग दात काळपट पडतो, म्हणून पुढच्या तपासण्या चुकवू नका.

मी शेजारी उभा राहून सगळं पाहिलं. दात ओला असतानाच, खिडकीच्या उजेडात डॉक्टरांनी शेड, म्हणजे दाताच्या रंगाची छटा, ठरवली. हे महत्त्वाचं आहे, कारण तोंड उघडं ठेवून दात वाळला की तो आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो आणि शेड चुकते. लिपस्टिकच्या रंगानंही शेड चुकते, म्हणून ती लावून जाऊ नका. मग तुटक्या कडेला निळी जेल, पंधरा-वीस सेकंद. ती धुऊन वाळवली तेव्हा तेवढा भाग खडूसारखा पांढरा दिसत होता. ते फॉस्फोरिक अॅसिड असतं. त्यानं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, सूक्ष्म खडबडीत होतं आणि मटेरियलला पकड मिळते. मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ साली ही युक्ती मांडली, आजचं बाँडिंग आणि व्हिनिअर दोन्ही तिच्यावरच उभे आहेत. त्यावर बाँडिंगचं द्रव, मग मेणासारखं मऊ कंपोझिट थराथरानं. प्रत्येक थर दोन मिलिमीटरच्या आत, प्रत्येकावर तो कडक करणारा निळा लाइट. शेवटी चकत्यांनी पॉलिश. पाऊण तासात काम झालं. इंजेक्शन लागलं नाही, कडेला किंचित उतार देण्यापलीकडे दात घासला नाही.

बाँडिंगची उणी बाजूही ऐका. कंपोझिट डाग धरतं. दिवसाला चार-पाच अमृततुल्य चहा, तंबाखू किंवा मशेरी असेल तर कड लवकर पिवळी पडते. चकाकी कमी होते, कधी बारीक टवका उडतो. साधारण पाच ते सात वर्षं धरून चाला, मधूनमधून पॉलिश लागेल. पण दुरुस्ती त्याच जागी, त्याच खुर्चीत होते.

आता व्हिनिअर. माझ्या टेबलावर तयार झालेलं एक व्हिनिअर चिमटीत धरून ट्यूबलाइटसमोर नेलं की आरपार उजेड दिसतो. जाडी अर्धा मिलिमीटर, म्हणजे तुमच्या नखाएवढी. हातातून पडलं तर फुटतं, पण दातावर रेझिननं, म्हणजे खास चिकट द्रव्यानं, पक्कं चिकटलं की वर्षानुवर्षं टिकतं. दहा-पंधरा वर्षं सहज, नीट जपलं तर त्याहून जास्त. चहाचा डाग त्यावर जवळजवळ बसत नाही आणि खऱ्या दातासारखी खोली दिसते. हे मला कंपोझिटमध्ये क्वचितच दिसलंय.

त्यासाठी मात्र बहुतेक वेळा डॉक्टरांना दाताच्या पुढच्या बाजूनं साधारण अर्धा मिलिमीटर इनॅमल काढावं लागतं. हिरडीजवळ इनॅमल मुळातच पातळ असतं. घासणं त्याच्या खाली गेलं की पकड कमी होते आणि दात शिणशिणतो. पुढे आयुष्यभर तो दात कशानं तरी झाकावाच लागतो. पंचविसाव्या वर्षी व्हिनिअर लावलं तर पन्नाशीपर्यंत एक-दोनदा बदलावं लागेल, हा हिशेब आजच करा.

एका लग्नसराईत माझ्याकडे एक काम आलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, सहा व्हिनिअर, सगळ्यात पांढरी शेड, आठ दिवसांत लग्न. दातांच्या मापावरून बनवलेलं मॉडेल उघडलं तर सहाही दात कॅपसाठी घासावेत तसे खुंट झालेले. सोबत आधीचं मॉडेलही होतं. त्यात दोन पटाशीच्या दातांमध्ये एक फट होती, बाकी दात सुरेख. दोन दातांच्या कडांना बाँडिंग करून ती फट बुजली असती. मी काम केलं, कारण त्या मुलीला आता दुसरा रस्ताच नव्हता. ते पहिलं मॉडेल मी अजून फेकलेलं नाही.

तेव्हा लहान टवका, बारीक फट, झिजलेली कड, जन्मतः बारका राहिलेला एखादा दात, यांना आधी बाँडिंग विचारा. वय अठराच्या आत असेल तर नक्कीच, कारण त्या वयात आतली नस मोठी असते आणि हिरडीची रेषा स्थिरावलेली नसते. व्हिनिअर खरं उपयोगी पडतं ते चार-सहा दातांचा रंग आतूनच बिघडलेला असतो तिथे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडून पुण्यात शिकायला आलेल्या मुलांचे दात माझ्याकडे येतात. पाण्यातल्या फ्लोराइडमुळे त्यांवर गडद तपकिरी पट्टे असतात. ते कंपोझिटनं झाकायचे तर जाड, अपारदर्शक थर लागतो आणि दात निर्जीव दिसतो. फिकट पांढऱ्या डागांना मात्र व्हिनिअरची घाई नको. वरवर हलकं घासून किंवा ब्लीच करून भागतं का ते आधी बघा.

ब्लीच करायचंच असेल तर ते आधी करा आणि मग निदान दोन आठवडे थांबा. लगेच चिकटवलं तर पकड नीट बसत नाही, आणि कंपोझिट किंवा पोर्सेलिन नंतर ब्लीचनं उजळत नाही. दात वाकडे असतील तर तारा लावा, ते घासून सरळ दाखवू नका. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी त्यांचा इलाज. झोपेत दात खायची सवय असेल तर डॉक्टरांना सांगाच. रात्री दातांवर घालायचा गार्ड नसेल तर बाँडिंग काय नि व्हिनिअर काय, दोन्ही तुटतं.

व्हिनिअरच ठरलं तर मॉक-अप मागा. आम्ही मेणात नवे दात घडवतो, त्याच्या साच्यातून डॉक्टर तुमच्या न घासलेल्या दातांवर तात्पुरता आकार बसवून दाखवतात. तो लावून घरच्या माणसाशी बोला, ‘वाफ’, ‘फुलवा’ असे शब्द म्हणा. वरच्या दातांची कड खालच्या ओठावर अडखळली तर दात लांब झालेत. शिवाय घासल्यानंतरच्या दाताच्या रंगाचा फोटो लॅबला पाठवायला सांगा. व्हिनिअर पातळ असल्यानं खालचा रंग वर डोकावतो, आणि तो माहीत नसेल तर आम्ही अंदाजानं काम करतो. सकाळच्या उजेडात तुम्हीच लॅबमध्ये आलात तर आणखी उत्तम.

खर्च व्हिनिअरचा कितीतरी पट जास्त असतो, त्यात आमचं कामही आलं. बजेट कमी असेल तर धनकवडीचं भारती विद्यापीठ किंवा आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला अशा दंत महाविद्यालयांत चौकशी करा. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. ब्यूटी पार्लरमध्ये मात्र दाताला हात लावू देऊ नका. डेंटल कौन्सिलची नोंदणी असलेल्या डॉक्टरांकडेच जा.

काम झाल्यावर चिक्की, ऊस, दोरा तोडणं, नखं खाणं पुढच्या दातांनी बंद. आणि वापरलेली शेड कागदावर लिहून घ्या, पाच वर्षांनी दुरुस्तीला तीच लागते. मुलीचा कागद आमच्या कपाटात आहे: शेड ए दोन, कडेला थोडं पारदर्शक.