घरी आणलेल्या पेशंटच्या नळ्या, सेन्सर आणि ड्रेसिंग कसे चिकटवावे, कसे सांभाळावे

दवाखान्यातून सुट्टी होते आणि पेशंट घरी येतो, पण पुष्कळदा नळ्यांसकट येतो. अर्धांगवायू झालेल्या आजीच्या नाकात अन्नाची नळी असते, प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना लघवीची पिशवी असते, ऑपरेशन झालेल्या मावशीच्या पोटावर ड्रेसिंग असतं. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत किंवा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात असेपर्यंत सिस्टर येता-जाता टेप बघत असतात. घरी ते काम सुनेवर, मुलावर नाहीतर शेजारच्या बाईवर येतं, आणि सुट्टीच्या कार्डावर औषधं लिहिलेली असली तरी टेप कशी लावायची हे कुठेच लिहिलेलं नसतं. रात्री दोन वाजता नळी निघाली तर तालुक्याला जायला जीप शोधावी लागते. म्हणून हे नीट शिकून घ्या. अवघड अजिबात नाही.

सगळ्या नळ्यांना लागू पडणारी गोष्ट आधी सांगते. घट्ट बांधलेली नळी सुरक्षित असते, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर पेशंट कुशीवर वळला, पाय दुमडला, खोकला, की ओढ कुठेतरी बसणारच. ती ओढ टेपवर बसली पाहिजे, शरीराच्या आतल्या भागावर नाही. दावणीच्या बैलाला आपण दाव्याची ढील ठेवतो, तशी नळी शरीरात शिरते ती जागा आणि टेप यांच्यामध्ये नळीला थोडी ढील हवी. खाली नाक, लघवी, जखम असं वेगवेगळं सांगितलं आहे, पण तत्त्व सगळीकडे हेच आहे.

आधी कातडी, मग टेप

टेप कातडीला चिकटते, म्हणून कातडी जपली तरच टेप टिकते. म्हाताऱ्या माणसांची, मधुमेह असलेल्यांची आणि बरेच दिवस स्टेरॉइड घेणाऱ्यांची कातडी पातळ झालेली असते. खस्सकन टेप ओढली की वरचा पापुद्राच निघून येतो, आणि ती नवीन जखम मूळ आजारापेक्षा जास्त छळते.

जागा साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसा, मग साध्या पाण्यानं पुसा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या घरात घाम थांबतच नाही. अशा वेळी पहाटे किंवा अंघोळीनंतर, पंख्याखाली टेप बदला. तेल, पावडर, क्रीम त्या जागी लावू नका. केस दाट असतील तर कात्रीनं बारीक कापा. वस्तऱ्यानं तासू नका, त्यानं बारीक चिरा पडतात.

टेप लावताना ताणू नका. ताणून लावलेली टेप परत आकसते आणि खालची कातडी ओढून फोड आणते. नुसती ठेवा आणि बोटानं अर्धा मिनिट दाबून धरा. दाबानं आणि अंगाच्या उबेनं डिंक नीट बसतो. एक टोक थोडं आत दुमडून ठेवा, काढताना नख खुपसावं लागत नाही.

काढताना एका हातानं कातडी दाबून धरा आणि दुसऱ्या हातानं टेप कातडीलगत मागे वळवत, केसांच्या दिशेनं, हळूहळू सोडवा. वर उचलून ओढू नका. फारच चिकटली असेल तर कडेला खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडा आणि थांबा. फक्त नंतर ते तेल साबणानं धुऊन काढा, नाहीतर नवी टेप तासभरही टिकणार नाही. उघड्या जखमेजवळ मात्र तेल नको.

मेडिकलमध्ये कोणती टेप मागायची? कागदी टेप, म्हणजे आपण जिला मायक्रोपोर म्हणतो ती, कातडीला सौम्य असते, पण घामानं लवकर सुटते. डायनाप्लास्ट पक्की धरते आणि ताणली जाते, म्हणून नाजूक कातडीवर जपून. सिलिकॉनची टेप सगळ्यात हळुवार निघते, पण महाग पडते. माझं मत विचाराल तर म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याला कागदी टेप लावावी आणि ती रोज बदलावी. टेपचा रोल पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका, उष्णतेनं डिंक वितळतो. माठाजवळ, पण कोरड्या डब्यात ठेवा.

नाकातली नळी

हिला दवाखान्यात राइल्स ट्यूब म्हणतात. जॉन राइल या ब्रिटिश डॉक्टरच्या नावावरून ते नाव पडलं. ती नाकातून घशामार्गे पोटात जाते. थोडी वर सरकली तरी अन्न श्वासाच्या वाटेला जाण्याचा धोका असतो, म्हणून हिच्यावर सगळ्यात जास्त लक्ष हवं.

सुट्टी होतानाच सिस्टरना विचारून घ्या की नळीवरची कोणती खूण नाकपुडीशी आहे. तिथे न पुसणाऱ्या मार्करनं रेघ मारून घ्या आणि बाहेरच्या भागाची लांबी सेंटिमीटरमध्ये कार्डावर लिहून ठेवा. इथून पुढे प्रत्येक वेळी अन्न देण्याआधी ती रेघ जागेवर आहे का, हे पाहायचं.

टेप बदलायला दोघं जण लागतात. एकानं नाकपुडीजवळ नळी दोन बोटांत धरून ठेवायची आणि काम होईपर्यंत सोडायची नाही. दुसऱ्यानं साधारण एक इंच रुंद आणि तीन इंच लांब टेप कापायची आणि खालून अर्ध्यापर्यंत मधोमध चिरायची. आकार लेकराच्या पँटसारखा दिसतो. जुनी टेप काढा, नाकाच्या शेंड्यावरचं तेल-घाम पुसा, कोरडं करा. न चिरलेला भाग नाकाच्या दांड्यावर बसवा. मग एक पाय नळीभोवती खालच्या दिशेनं गुंडाळा, दुसरा पाय उलट्या बाजूनं गुंडाळा. नळी नाकपुडीतून सरळ खाली लोंबली पाहिजे. ती वर वळवून कपाळाकडे नेली की नाकपुडीची कड दाबली जाते आणि काही दिवसांत तिथे व्रण पडतो. रोज नाकपुडीची कड बघा. लाल दिसली तर टेपची दिशा थोडी बदला.

एवढ्यावर थांबू नका. नळीला दुसरा आधारही हवा. नळीभोवती टेप गुंडाळून तिची दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवा म्हणजे छोटी झेंडी तयार होते. त्या झेंडीतून सेफ्टी पिन घालून ती खांद्याजवळ कपड्याला अडकवा. पिन झेंडीतूनच जाऊ द्या, नळीला टोचू नका. बायकांच्या बाबतीत पिन ब्लाउजला किंवा गाऊनला लावा, पदराला कधीही नाही. पदर सावरला की नळी निघाली, असं फार वेळा होतं. नाक ते पिन यामध्ये मान पूर्ण वळेल इतकी ढील ठेवा.

भ्रमात असलेली माणसं आणि लहान लेकरं नळी ओढतात. हात बाजेला बांधू नका, त्यानं माणूस अधिक चिडतो आणि मनगटाला जखमा होतात. हातात मऊ सुती मोजे घाला, नळी गालावरून कानामागे नेऊन नजरेआड करा, हातात माळ किंवा रुमाल द्या. तरीही वारंवार काढत असेल तर डॉक्टरांना सांगा. नाकाच्या आतल्या पडद्यामागून फीत घेऊन नळी धरून ठेवण्याचं साधन मोठ्या दवाखान्यांत मिळतं.

अन्न देताना पेशंटला टेकवून बसतं करा, आणि नंतर किमान अर्धा तास तसंच ठेवा. खोकला, गुदमरणं, घुरघुर, निळसर ओठ यातलं काहीही दिसलं तर देणं लगेच थांबवा.

लघवीची नळी आणि पिशवी

आतल्या टोकाला पाण्यानं फुगवलेला छोटा फुगा असतो, त्यामुळेच ही नळी मूत्राशयात टिकते. फ्रेडरिक फोली या अमेरिकन डॉक्टरचं नाव तिला आहे. हिसका बसला की तो फुगलेला फुगा मूत्रमार्ग फाडत बाहेर येऊ शकतो. रक्त येतं, वेदना असह्य असतात. मांडीवरची एक पट्टी हे सगळं टाळते, म्हणून मी त्या पट्टीबद्दल इतकी आग्रही असते.

मांडीच्या वरच्या, आतल्या बाजूला आधी टेपचा एक रुंद तुकडा कातडीवर लावा. दुसरा तुकडा नळीवरून घेऊन नळीच्या खाली दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबा म्हणजे नळी टेपमध्ये पूर्ण गुंडाळली जाईल, आणि मग उरलेली टोकं पहिल्या तुकड्यावर चिकटवा. नळी कातडीला थेट टेकत नाही, व्रण पडत नाही, आणि बदलताना दरवेळी कातडी सोलली जात नाही. पुरुष बराच काळ पडून असेल तर नळी ओटीपोटाकडे वर वळवून लावावी का, हे डॉक्टरांना विचारा. त्यामुळे लिंगाच्या मुळाशी येणारा दाब कमी होतो. वेल्क्रोचे पट्टेही मिळतात. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. टेप मांडीभोवती पूर्ण फेरा देऊन गुंडाळायची नाही, रक्तप्रवाह अडतो. रोज एकदा मांडी बदला.

आता तपासा. पेशंटला गुडघा दुमडायला सांगा, पाय थोडा फाकवायला सांगा. नळी ताणली गेली तर ढील कमी आहे.

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. खाली सतरंजीवर झोपवलेल्या माणसाची पिशवी खाली राहूच शकत नाही, म्हणून असा पेशंट बाजेवरच हवा. बाज ठेंगणी असेल तर पिशवी कडेच्या लाकडाला अडकवा आणि खाली स्वच्छ घमेलं ठेवा. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा, भरलेली पिशवी आपल्याच वजनानं नळी ओढते.

गाडीतून नेताना सगळ्यात जास्त नळ्या निघतात. काळी-पिवळीत बसण्याआधी पिशवी रिकामी करा. पेशंटला उचलताना पिशवी त्याच्या पोटावर ठेवायची सवय अनेकांना आहे, त्यानं लघवी उलटी आत जाते आणि जंतू घेऊन जाते. एक माणूस फक्त पिशवीसाठी नेमा. उतरताना आधी सीटला अडकवलेली पिशवी सोडवा, मग माणूस हलवा.

सलाईनची सुई, ऑक्सिजन, सेन्सर

रोजच्या इंजेक्शनसाठी हाताला कॅन्युला, म्हणजे सलाईनची सुई, ठेवून घरी पाठवलं असेल तर टोचलेली जागा दिसली पाहिजे. तिच्यावर पारदर्शक ड्रेसिंग मागून घ्या आणि लावल्याची तारीख त्यावर लिहा. लाली, सूज, आग, गळती दिसली तर सुई काढून घ्यायला जवळच्या आरोग्य केंद्रात जा. दंडाच्या शिरेत घातलेल्या लांब नळीचं, म्हणजे पीआयसीसी लाइनचं, ड्रेसिंग घरी उघडू नका.

ऑक्सिजनची नळी कानामागे कापते. तिथे कापसाची घडी नळीखाली ठेवा. तिच्या जवळ चूल, उदबत्ती, निरांजन, विडी काहीही नको. देवघर त्याच खोलीत असेल तर पेशंटची बाज दुसरीकडे हलवा.

रक्तातला ऑक्सिजन मोजणारा बोटाचा ऑक्सिमीटर टेपनं आवळून ठेवू नका, बोट दुखावतं. बोटावर मेंदी किंवा नखाला नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो, दुसरं बोट घ्या. दंडावर लावायचा साखरेचा सेन्सर घामानं सुटत असेल तर त्यावर लावायच्या चिकट पट्ट्या मिळतात. सेन्सरच्या मधलं छिद्र झाकू नका.

रोज बदलायचं ड्रेसिंग

पोटाची मोठी जखम रोज उघडावी लागत असेल तर दरवेळी टेप ओढून कडेची कातडी रक्ताळते. यावर जुना, चांगला उपाय आहे. जखमेच्या दोन्ही बाजूंना, चांगल्या कातडीवर, रुंद टेपच्या पट्ट्या लावा. जखमेकडच्या बाजूला टेप आत दुमडून तिला भोकं पाडा. भोकांतून सुती नाडी ओवून गॉजवर, म्हणजे जखमेवरच्या जाळीदार कापडावर, बांधा. ड्रेसिंग बदलताना फक्त नाडी सोडायची, टेप तशीच राहते. गुडघा, कोपर, डोकं अशा जागी टेपऐवजी जाळीचं बँडेज सोयीचं पडतं.

नळी निघालीच तर

नाकातली असो, लघवीची असो, अर्धवट बाहेर आलेली नळी परत आत ढकलायची नाही. नाकातली असेल तर अन्न, पाणी, औषध त्यातून काहीही देऊ नका. पोटाला भोक पाडून घातलेली नळी निघाली तर ते भोक काही तासांत बुजू लागतं, म्हणून स्वच्छ गॉज ठेवून लगेच निघा. लघवीच्या वाटेनं रक्त, थंडी वाजून ताप, तासन्‌तास लघवीच नाही आणि ओटीपोट फुगलेलं, श्वास लागलेला, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा. निघालेली नळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे ती पूर्ण निघाली की तुटली, हे डॉक्टरांना कळेल. किती वाजता निघाली आणि शेवटचं अन्न कधी दिलं होतं, हे कार्डाच्या मागे लिहून न्या.