समुद्री पवनऊर्जेची सरकारी ग्रँट: पहिला अर्ज लिहिणाऱ्यांसाठी

स्कॉटलंडमधल्या एका छोट्या कंपनीत मी इंजिनिअर आहे. समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्क्या साखळ्यांनी तळाशी जखडलेल्या असतात. त्या साखळ्यांवर किती ताण येतो ते मोजणारे सेन्सर आम्ही बनवतो. अशा कंपन्यांत माणसं मोजकीच असतात. डिझाइन करणारा, बंदरावर जाऊन चाचणी घेणारा आणि ग्रँटचा अर्ज लिहिणारा बऱ्याचदा एकच. महाराष्ट्रातून इकडे एमएससीला येऊन पुढे याच क्षेत्रात नोकरीला लागलेल्या मुलामुलींच्या वाट्याला हे काम फार लवकर येतं, आणि वर्गात ते कोणी शिकवलेलं नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ग्रँट म्हणजे तुमच्या जोखमीत सरकारने उचललेला वाटा. ज्या कामाला बँक कर्ज देणार नाही, गुंतवणूकदार ‘आधी करून दाखवा’ म्हणतील, पण जमलं तर देशाच्या उपयोगी पडेल, अशा कामाचा काही खर्च सरकार करतं आणि उरलेला तुम्ही करायचा. जानेवारी २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने तरंगत्या पवनऊर्जेच्या ११ प्रकल्पांना ३ कोटी १६ लाख पौंड जाहीर केले, तेव्हा उद्योगांनीही स्वतःचे ३ कोटींहून अधिक पौंड घातले होते. अर्जातला जवळपास प्रत्येक प्रश्न या वाटणीतून निघतो. हे एकदा डोक्यात बसलं की फॉर्म आपोआप उलगडत जातो.

ब्रिटनमध्ये यासाठी मुख्य दार म्हणजे इनोव्हेट यूके, नव्या तंत्रज्ञानाला पैसे देणारी सरकारी संस्था. वेगवेगळ्या विषयांवर स्पर्धा जाहीर होतात, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. ऑफशोअर विंड ग्रोथ पार्टनरशिपचं नावही कानावर येईल. ती २०१९ साली सुरू झाली, पण तिचा पैसा उद्योगाकडून येतो आणि तिचा भर पुरवठादार कंपन्या वाढवण्यावर आहे, त्यामुळे तिच्यासाठी लिहिलेला मजकूर जसाच्या तसा इनोव्हेट यूकेला चालत नाही.

पहिला खरा प्रश्न गरजेचा असतो. इथे नवखे इंजिनिअर सेन्सरची अचूकता, सॅम्पलिंग रेट, अल्गोरिदम असं सगळं ओततात. परीक्षकाला त्याआधी कळायला हवं की दुखतंय कुणाला आणि किती. स्कॉटलंडमधल्या पीटरहेडजवळ २०१७ साली सुरू झालेला हायविंड स्कॉटलंड हा जगातला पहिला तरंगता पवनप्रकल्प, ५ चक्क्या, ३० मेगावॅट. २०२४ मध्ये त्या पाचही चक्क्या मोठ्या दुरुस्तीसाठी उत्तर समुद्र ओलांडून नॉर्वेला ओढत न्याव्या लागल्या. त्याआधी २०२२ मध्ये स्कॉटलंडमधल्याच किंकार्डिन या तरंगत्या प्रकल्पातली एक चक्की अशीच नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला गेली होती. चक्की जागेवरून हलली की वीज बंद, टगबोटींचं भाडं वेगळं, आणि साखळ्या व केबल सोडून पुन्हा जोडायचं नाजूक काम वेगळं. तुमच्या तंत्रज्ञानाने यातलं नेमकं काय वाचणार आहे, ते दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. येत नसेल, तर अर्ज बाजूला ठेवा आणि पवनप्रकल्प चालवणाऱ्या एखाद्या माणसाशी तासभर बोला. त्या तासाइतकी मदत मला दुसऱ्या कशाचीच झालेली नाही.

आता पैशांचं गणित. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण चांगले प्रकल्प इथेच अडकतात. काम औद्योगिक संशोधनाच्या टप्प्यात असेल, तर साधारणपणे छोट्या कंपनीला खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत ग्रँट मिळते, मध्यम कंपनीला ६० आणि मोठीला ५०. तेच काम प्रायोगिक विकासात मोडत असेल, म्हणजे तयार नमुना खऱ्या परिस्थितीत उतरवून पाहायचा असेल, तर हे आकडे ४५, ३५ आणि २५ वर येतात. पाण्याच्या टाकीत सेन्सर तपासणं आणि तोच खुल्या समुद्रात साखळीवर बसवून वर्षभर ठेवणं, यात हा फरक पडतो. ७० टक्के दिसले म्हणून समुद्रातल्या चाचणीला संशोधन म्हणू नका. परीक्षक याच क्षेत्रातले असतात, ते लगेच ओळखतात.

समजा प्रकल्प २ लाख पौंडांचा आहे आणि ७० टक्के मिळणार आहेत. म्हणजे ६० हजार तुमचे. हा हिशोब सगळेच करतात. पण ग्रँट आगाऊ मिळत नाही. आधी तीन महिने तुम्ही खर्च करायचा, मग तिमाही क्लेम भरायचा, नेमलेला मॉनिटरिंग ऑफिसर प्रगती आणि पावत्या तपासणार, आणि त्यानंतर पैसे खात्यावर येणार. तिमाहीला ५० हजार खर्च होणार असतील तर ते आधी कंपनीच्या बँकेत हवेत, शिवाय पैसे हातात पडेपर्यंतच्या आठवड्यांचे पगारही हवेत. जिंकलेल्या प्रकल्पाच्या पहिल्याच तिमाहीत एखाद्या कंपनीची ओढाताण होते ती यामुळेच. म्हणून अर्जाचा मजकूर सुरू करण्याआधी हिशोब पाहणाऱ्या सहकाऱ्यासोबत महिनावार तक्ता मांडा. आणखी काही नियम लक्षात ठेवा. ग्रँटचं अधिकृत पत्र येण्याआधी केलेला खर्च धरला जात नाही. पगार प्रत्यक्ष दराने लावायचा, त्यात नफा मिसळायचा नाही. यंत्र विकत घेतलं तर पूर्ण किंमत नव्हे, प्रकल्पाच्या काळात त्याची किंमत जितकी उतरते तेवढा घसाराच दाखवता येतो. ओव्हरहेडसाठी, म्हणजे ऑफिसचं भाडं, वीज अशा वरखर्चासाठी, पगाराच्या २० टक्के लावण्याची सोपी पद्धत आहे, छोट्या कंपनीने तीच घ्यावी.

आपल्या लोकांकडून एक प्रश्न हमखास येतो. पुण्यातल्या मित्राची सॉफ्टवेअर कंपनी आहे, तिच्याकडून काम करून घेतलं तर चालेल का? सर्वसाधारण नियम असा की प्रकल्पाचं काम ब्रिटनमध्येच व्हावं. परदेशी उपकंत्राटदार घ्यायचा तर ते काम इथे का होऊ शकत नाही, हे पटवून द्यावं लागतं, आणि ‘तिकडे स्वस्त पडतं’ एवढं कारण पुरत नाही. हे पटवणं अवघड आहे. मी तरी इथलाच पार्टनर शोधा असं सांगेन.

पार्टनर शोधताना विद्यापीठाकडे धाव घेण्याची सवय आपल्याला असते. पण प्रकल्पाच्या खर्चात विद्यापीठांसारख्या संशोधन संस्थांचा एकूण वाटा सहसा ३० टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. चाचणीसाठी ऑफशोअर रिन्यूएबल एनर्जी कॅटापल्टसारखी संस्था उपयोगी पडते. नॉर्थम्बरलँडमधल्या ब्लाइथला त्यांची १०० मीटरपर्यंतची पाती तपासायची सोय आहे, फाइफमध्ये लेव्हनमाउथला किनाऱ्यालगत ७ मेगावॅटची प्रात्यक्षिक पवनचक्की आहे. पण सगळ्यात मोलाचं असतं ते प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीचं पत्र, ज्यात ‘आम्ही यांना आमच्या चक्कीवर चाचणी करू देऊ’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते त्यांच्या कायदा विभागातून फिरून येतं, त्याला आठवडे जातात. स्पर्धा जाहीर झाली की पहिला ईमेल या पत्रासाठी टाका.

लिहिताना एक पथ्य. प्रत्येक उत्तराला सहसा ४०० शब्द मिळतात आणि वेगवेगळे परीक्षक स्वतंत्रपणे, जे समोर लिहिलंय त्यावरच गुण देतात. तुमच्या कंपनीची ख्याती, मागचं काम, हुशारी त्यांना माहीत असेल असं धरू नका. एका परीक्षकाला एखाद्या प्रश्नात गोंधळ वाटला तरी सरासरी खाली येते, आणि चुरस इतकी असते की तेवढ्याने संधी जाते. म्हणून मसुदा पवनऊर्जेशी संबंध नसलेल्या शहाण्या माणसाला वाचायला द्या. त्याने जिथे थांबून विचारलं, तिथे वाक्य बदला.

जोखमीचा तक्ता हा माझ्या मते अर्जाचा आत्मा आहे. ‘तांत्रिक अडचण येऊ शकते, उपाय: काळजी घेऊ’ अशा ओळींनी कुणाचाच विश्वास बसत नाही. आमच्या कामात कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, सेन्सरवर शेवाळ आणि शिंपले वाढतात, ठरलेल्या दिवशी बोट मिळत नाही, मिळाली तर लाटा उंच असतात. हे सगळं लिहा, प्रत्येकाचा पर्याय लिहा आणि त्याचा खर्च बजेटमध्ये दिसू द्या. उत्तर समुद्रात हिवाळ्यात बोटीवरून बारीक काम होणं कठीण. तुमच्या गँट चार्टमध्ये, म्हणजे कोणतं काम कोणत्या महिन्यात ते दाखवणाऱ्या तक्त्यात, समुद्रातली चाचणी जानेवारीत पडत असेल, तर अख्खं नियोजन पुन्हा करा. सरकार जोखमीत भागीदार होतंय, त्याला ती जोखीम उघडी दाखवणं हा साधा सचोटीचा भाग आहे. ‘ग्रँट नाही मिळाली तर काय कराल’ या प्रश्नालाही तसंच खरं उत्तर द्या. काम छोट्या प्रमाणात, उशिरा होईल असं असेल तर तेच सांगा.

स्पर्धा सहसा सकाळी ११ वाजता बंद होतात, संध्याकाळी नाही. आदल्या दिवशीच अर्ज पाठवून मोकळे व्हा.

भारतात परतायचा विचार करणाऱ्यांसाठी थोडं. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यापासून प्रत्येकी ५०० मेगावॅट उभारण्यासाठी आणि बंदरांच्या सुधारणेसाठी आहे. ते पैसे प्रकल्प व्यवहार्य व्हावा म्हणून दिले जातात, नव्या सेन्सरच्या संशोधनासाठी नाहीत. दोन्हींचे अर्ज, कागद आणि निकष वेगळे.

पहिला अर्ज नाकारला जाण्याची शक्यता जास्त, हे घरी आणि मॅनेजरला आधीच सांगून ठेवा. परीक्षकांचे लेखी शेरे मिळतात, ते दोन दिवसांनी शांतपणे वाचा आणि पुढच्या स्पर्धेसाठी जपून ठेवा. दरम्यान, इनोव्हेट यूके मंजूर प्रकल्पांची यादी प्रसिद्ध करते, त्यात प्रत्येकाचा जाहीर सारांश असतो. पवनऊर्जेतले निवडून वाचा, त्यातली तुमच्या कामाच्या जवळची एक कंपनी शोधा आणि तिथल्या इंजिनिअरला सरळ फोन करा. या क्षेत्रात लोक मोकळेपणाने बोलतात.